आतल्या कामांची पानं

“ओढू नकोस आई, फाटेल.”

थोरलीनं माझा हात बाजूला केला, प्रिंटरचं झाकण उघडलं आणि अडकलेला कागद अलगद काढला. आठवडाभर घरात हेच चाललं होतं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिनं उमेदीची सगळी वर्षं एकाच कामात घातली. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, कुठला पंप कधी बंद करायचा, हे ठरवणारा प्रोग्राम तिनं लिहिला आणि सांभाळला. आता कचेरी ते काम बाहेरच्या कंपनीला देणार होती. साहेब म्हणाले, प्रोग्रामची सगळी माहिती छापून पुस्तक करून द्या, कंपनीला पटलं तर तुम्हालाही ठेवून घेतील.

मी चौथी शिकलेली. मला वाटलं, आता बसून पुस्तक लिहिणार. पण तसं नव्हतं. प्रोग्राममधल्या प्रत्येक कामाच्या डोक्यावर तिनं दोन-चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. काळ्या पडद्यावर एक कमांड लिहिली, म्हणजे हुकूम सोडला, की त्या सगळ्या ओळी वेचून पुस्तक तयार. जिथं काम बदललं आणि वरच्या ओळी जुन्याच राहिल्या, तिथं ती दुरुस्ती करायची. की परत हुकूम, परत कागद.

“एवढंसंच?” मी गठ्ठा हातात घेऊन विचारलं.

“हे वरून दिसणाऱ्या कामांचं आहे. आतली कामं मुद्दाम सांगितल्याशिवाय छापत नाही ते. कमांडमध्ये एक शब्द वाढवावा लागतो.”

“मग नको वाढवूस.”

“आई.”

“आई काय? आतलं तुझ्या एकटीच्या डोक्यात राहिलं तर झक मारत ठेवतील तुला. सगळं ओतून दिलंस की रिकाम्या भांड्याला कोण विचारतं?”

“आणि ते आतलं न कळून टेकडीवरचा पंप कोरडा फिरत राहिला तर? जळेल तो. त्या लोकांनी पाणी कुठून आणायचं?”

“त्या लोकांनी तुला कधी विचारलंय, बाई, जेवलीस का?”

ती हसली. “त्यांना मी आहे हेच माहीत नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

तिनं तो शब्द लिहिला. माझ्या डोळ्यांसमोर, एकेक अक्षर सावकाश. हट्ट कुणाचा घेतलाय, ते विचारायची मला सोय नाही.

मग दुपारपर्यंत प्रिंटर कण्हत होता. पहिल्या प्रतीवर शाई फासली गेली, ती घरात राहिली. दुसरी चांगली आली, ती तिनं शिवून घेतली आणि कचेरीत दिली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. ती भाजी चिरत होती, म्हणून फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवून बोलली. मला सगळं ऐकू आलं.

“ताई, कंपनी स्वतःचाच तयार प्रोग्राम बसवतेय. तुमचा काही लागणार नाही त्यांना.”

“मग मी?”

“आता प्रोग्रामच नाही म्हटल्यावर…”

“पुस्तक वाचलं का त्यांनी?”

“वाचतील हो, सावकाश.”

“साहेब, निदान टेकडीच्या पंपाचं पान तेवढं उघडायला सांगा.”

“सांगतो, सांगतो. तब्येत सांभाळा.”

‘बघ, मी म्हणत नव्हते’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते तरी कुठं खरं होतं? जे उघडलंच नाही, त्यात झाकलं काय आणि दाखवलं काय. माझी हुशारीही तिच्या खरेपणाइतकीच फुकट.

त्यानंतर ती दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. एका दुपारी मी तो फासलेला गठ्ठा घेऊन तिच्या उशाशी बसले आणि हाताला लागेल ते पान उघडलं.

“हे काय करतं?”

“राहू दे ना.”

“विचारलं ते सांग.”

“टाकी रिकामी झाली की पंप बंद करतं.”

“आणि हे?”

“वीज गेली, तर परत कुठून सुरू करायचं ते लक्षात ठेवतं.”

“हे गं?”

ती कोपरावर उठली. पान डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ वाचत राहिली.

“हे चुकलंय,” ती म्हणाली. “पेन दे.”

मी दिलं. तिनं एक ओळ खोडली, वर बारीक अक्षरात नवी लिहिली आणि शाई वाळेपर्यंत पान हातात धरून ठेवलं. मग पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे वळली.