वाटून घेतलेला शब्दकोश

सूर्य मावळला.

दही घट्ट लागलं.

वैद्यांनी मोडलेलं हाड बसवलं.

ट्रेमध्ये सहा कपबशा.

उंदरासाठी सापळा लावला.

मित्रांनो, या ओळींचं एकमेकींशी काही नातं दिसतं का? माझ्या पोटात मात्र ही सगळी मंडळी एकाच खोलीत राहतात. दारावर इंग्रजी तीन अक्षरांची पाटी आहे : सेट.

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. गिरगावातल्या एका छापखान्यात माझी पानं छापली गेली आणि तिथेच मला जाड सुताने शिवलं. माझे पहिले मालक रमाकांतराव एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. दसऱ्याला ते माझ्यावर फूल वाहत आणि पाहुण्यांना मला लांबून दाखवत. सगळे माझं कौतुक करत, पण मला उघडत कोणी नसे. मीही माझे लांबलचक शब्द मिरवत बसे. त्यांना अर्थ एकेकच, आणि तोसुद्धा कोणी विचारत नसे.

पुढे रमाकांतराव दादरला राहायला गेले आणि जाताना मला लालबागच्या एका चाळीतल्या वाचनालयाला देऊन गेले.

तिथे माझ्यावरून भांडणं सुरू झाली. रात्रशाळेत जाणारे पुष्कळ, आणि कोश एकटा मी. मला घरी कोणी न्यायचं? तळमजल्यावर आनंदीबाईंची खानावळ होती. त्यांना वाचता येत नव्हतं. जेवायला बसलेल्यांचं भांडण ऐकून एकदा त्या वाढता वाढता म्हणाल्या, "सुरमय एक आनि जेवणारे धा. मगे काय, एकाच्याच ताटात घालूची?"

दुसऱ्या दिवशी माझी शिवण उसवली. माझे दहा तुकडे झाले, प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर मिळालं आणि ते समोरासमोरच्या दोन चाळींतल्या दहा खोल्यांत गेले.

मला वाटलं, मी संपलो.

पण ज्याला जो शब्द हवा असे, तो नेमका दुसऱ्याच्या घरी निघे. मग संध्याकाळी माणसं एकमेकांच्या दारात जाऊन बसू लागली. इतका मी कधीच उघडला गेलो नव्हतो. लांबलचक शब्द कोणी विचारत नाही, हेही मला तेव्हा कळलं. लोक अडत ते गेट, टेक, रन अशा चिमुकल्यांपाशी.

(इथे माझं एक पान उंदरांनी खाल्लं आहे. पुढे जाऊ.)

मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लोक रस्त्यावर उतरले ते दिवस. लालबाग-परळात गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. मी दहा खोल्यांत अडकलो. म्हणूनच पुढची गोष्ट मी गल्लीच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहे.

अलीकडच्या चाळीत ललिता राहायची. तिचे वडील दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. तिची चाचणी परीक्षा तोंडावर होती. इंग्रजीत नापास झाली, तर शाळा तिला मॅट्रिकला बसू देणार नव्हती. मग शाळा बंद आणि आईबरोबर गिरणीत, असं दत्तारामांनी बजावून ठेवलं होतं. सरावाच्या प्रश्नांत ती ‘सेट’पाशी अडली. तो तुकडा समोरच्या चाळीत, रात्रशाळेत जाणाऱ्या राजारामकडे होता.

आदल्याच दिवशी शेजारच्या गॅलरीत उभ्या असलेल्या एका माणसाच्या खांद्याला गोळी लागली होती. दाराबाहेर कोणी पाऊल टाकायचं नाही, असं दत्तारामांनी घरात सांगितलं होतं. ललिता वही उघडून त्याच प्रश्नाशी बसली. थोड्या वेळाने दत्तारामांनीच विचारलं, कुठला शब्द? तिने सांगितला. तो त्यांनी दोनदा तोंडात घोळवला. मग ते कठड्याआड वाकून गॅलरीत गेले.

"राजाराम, तुज्या तुकड्यात सेट हाय का रं?"

राजाराम आपल्या दाराआडून एकेक अर्थ मोठ्याने वाचू लागला. दत्ताराम तो ऐकत आणि वळून आत ललिताला सांगत. मावळणं झालं. घट्ट होणं झालं. हाड बसवणं आलं, तेव्हा ते थांबले.

"त्योच शबुद का? नीट बघ."

"तोच आहे, काका. अजून दोन कॉलम आहेत."

"मंग ह्यो आमचा बदली कामगार. ज्या खात्यात माणूस नाय, त्या खात्यात ह्यो हुबा."

दोन्ही चाळींच्या बंद दारांआड हसू फुटलं. मित्रांनो, माझ्या प्रस्तावनेत विद्वानांची चार पानं आहेत. त्या चिमुकल्या शब्दाचा एवढा मान त्यांत कोणी राखलेला नाही.

तेवढ्यात खाली बूट वाजले. वर काय चाललंय, असं हवालदाराने विचारलं. खानावळीच्या अर्ध्या दारातून आनंदीबाई म्हणाल्या, "पोरीची परीक्षा हा."

त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "हळू बोला. सायब नाक्यावर हाय."

राजारामने आवाज उतरवला. आता कठड्याआड वाकून काही ऐकू येईना. ललिता आतून म्हणाली, "बाबा, पुरे. या आत."

दत्ताराम उठून सरळ उभे राहिले. हात कठड्यावर, मान पुढे, कान गल्लीपलीकडे. दोन्ही कॉलम संपेपर्यंत ते तसेच उभे होते.

पुढे कोणीतरी मला पुन्हा शिवलं. आता मी एका कपाटात आहे. माझ्या पानांवर आमटीचे डाग आहेत आणि शिवताना कापल्यामुळे माझ्या कडा आखूड झाल्या आहेत. मित्रांनो, पुस्तकं जपा. कव्हर घाला, वाळवीपासून वाचवा. पण कुलपात ठेवू नका. तुमच्याकडचं पान दुसऱ्याला हवं असेल, तर त्याला ऐकू जाईल असं वाचा.

ललिता चाचणीत पास झाली. पेपरात ‘सेट’ आला नव्हता.