नाव नसलेल्या नऊ ओळी

एकनाथरावांची मूठ रुग्णालयातल्या नोंदणी काउंटरच्या काचेतून आरपार आली आणि तुकडे अपर्णाच्या मांडीवर सांडले.

“नाही म्हणजे काय? हिथंच आणलंय तिला! माझी बायको, सुलभा जाधव. परत बघा!”

अपर्णाने तिसऱ्यांदा नाव टाकलं. संगणकाने तिसऱ्यांदा नकार दिला.

सकाळी शहरातल्या गौलीगुडा भागात एका गोदामात गॅसचे सिलिंडर फुटले होते. शेजारच्या बाजारातली माणसं भाजली, चेंगरली. मिळेल त्या रिक्षातून इथे आली. एकनाथरावांच्या मागे पन्नासेक नातेवाईक रेटत होते. कुणीतरी खुर्ची भिंतीवर आपटून तिचा पाय मोडून हातात घेतला.

“कंप्यूटर आया तब से ऐसाच हो रा! पहले रजिस्टर में मिल जाता था!” मागून कुणीतरी ओरडलं.

“काका, त्यांची काही खूण?” अपर्णाने विचारलं.

“हनुवटीवर गोंदण. तीन ठिपके.”

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बेशुद्ध माणूस नाव कुठून सांगणार? कारकुनांनी तो रकाना मोकळा सोडला असणार. नावाने कितीही शोधलं तरी मोकळा रकाना सापडणार नव्हता.

शेजारी उभ्या असलेल्या मिलिंदलाही ते कळलं. संगणकाची ही सगळी व्यवस्था दोन वर्षांपूर्वी त्यानेच बसवली होती. त्याने तिला मागच्या मशीनच्या खोलीत ढकललं.

“आजचे, नाव नसलेले सगळे काढ. मी यांना थोपवतो. कडी लाव.”

तिने कडी लावली, आज्ञा लिहिली, कळ दाबली. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली.

झटकन शोधता यावं म्हणून नावांची वेगळी सूची होती, पण मोकळी नावं त्या सूचीत जातच नसत. तारखेवरून झटकन सापडलं असतं. पण तारखेचा रकाना मिलिंदने साध्या अक्षरांचा ठेवला होता. कारकून हवं तसं लिहीत, कधी ९-४-९६, कधी ०९/०४/१९९६. अपर्णा त्यावरून भांडली होती. “चालतंय ना? मग राहू दे,” तो म्हणाला होता. आता मशीन दोन लाख ओळींतली एकेक ओळ उघडणार, अक्षरांची तारीख बनवणार, मग ती आजची आहे का ते पाहणार.

चार मिनिटं झाली. बाहेर काहीतरी जड कोसळलं.

“ऐका, ऐका ना, यादी येतेय...” मिलिंदचा आवाज आला. मग लाकडाचा एक फटका, आणि घशातच तुटलेली किंकाळी.

अपर्णा उठली. तिचा हात कडीवर गेला. दार उघडलं तर हे मशीनही फुटेल. ती परत येऊन बसली आणि स्वतःचं मनगट दातात धरून रेघेकडे बघत राहिली. दाराला लाथा बसत होत्या. मग त्याही थांबल्या.

अकराव्या मिनिटाला प्रिंटर करकरला. नऊ ओळी. तिसरी: स्त्री, वय अंदाजे चाळीस, हनुवटीवर गोंदण, वॉर्ड चार.

तिने दार उघडलं. काउंटर उलटा पडला होता. माणसं भिंतीला चिकटून उभी होती, खुर्चीचा पाय रक्तात पडला होता. मिलिंद नव्हता. फरशीवरचे रक्ताचे ठिपके अपघात विभागाकडे गेले होते. तिसरी ओळ तेवढी फाडून घेऊन, बाकीची यादी एका बाईच्या हातात देऊन ती त्या ठिपक्यांमागे धावली.

डॉक्टर भाजलेल्यांत अडकले होते. मिलिंद जमिनीवर पडला होता आणि एकनाथराव गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी आपलं उपरणं त्याच्या डोक्यावर दाबत होते. त्यांच्या बोटांत अजून काच रुतलेली होती.

“नाम बोलो, नाम!” तिथला कारकून खेकसला.

“मला न्हाई ठाव,” एकनाथराव म्हणाले. “खुर्चीचा पाय हिसकून मारलं मीच. नाव न्हाई ठाव.”

“मिलिंद,” अपर्णा म्हणाली. “मिलिंद देसाई.” मग तिने कागद पुढे केला. “काका, त्या सापडल्या. वॉर्ड चार. तुम्ही जा, मी धरते.”

एकनाथरावांनी कागदाकडे बघितलं. हात हलवले नाहीत.

“दाब सोडला की भळाभळा येतंय. डाक्टर येऊ द्या. जित्ती हाय का? लिवलंय का तसं?”

अपर्णाने ओळ शेवटपर्यंत वाचली. जिवंत की मृत, तो रकाना कुणी भरलेलाच नव्हता.

“बघून येते,” ती म्हणाली, आणि वॉर्ड चारकडे पळत सुटली.