टाचेमागे एक बोट

मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावा इथे शेजारीच आहे, पण तो अबोल आहे, म्हणून आमची गोष्ट मीच सांगतो. मित्रांनो, माझ्या नाकावरचे कातडे घासून पांढरे झाले आहे, कुशीला तीन रंगांच्या दोऱ्यांचे टाके आहेत आणि नाडीला चार गाठी आहेत. असे का, हे तुम्हाला विचारावेसे वाटत असेल तर आपले छान जमेल. मलाही जन्मापासून विचारायचीच खोड आहे.

समुद्राजवळच्या त्रुहियो शहरात एल पोर्वेनिर नावाची वस्ती आहे. तिथे घरोघरी बूट बनतात. गल्लीतून चालताना एका दारातून हातोडीची ठकठक ऐकू येते आणि दुसऱ्या दारातून चिकटवणीचा वास येतो. विल्देर रेबासा नावाच्या कारागिराने मला तिथे घडवले. त्याने ओले कातडे लाकडी फर्म्यावर ताणून बसवले, आणि मला वाटले, हा लाकडी पाय म्हणजेच माझा सोबती. तीन दिवसांनी विल्देरने तो ओढून काढला. मी आतून रिकामा झालो. आता आत कोण येणार, हा माझा पहिला प्रश्न.

विल्देर मेण लावलेल्या दोऱ्याने माझा तळ शिवत होता, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अरे, चिकटवून मोकळा हो की! शेजारी दिवसाला दहा जोड करतो."

"शेजाऱ्याचे बूट गावात मिरवणार. हे डोंगरात जाणार," विल्देर म्हणाला. "तिथे तळ सुटला तर माणसाने कुणाच्या नावाने रडायचं?"

त्याने माझी जीभही दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवून टाकली. पाणी आणि खडे आत येऊ नयेत म्हणून. पाणी म्हणजे काय, खडे म्हणजे काय, मला काहीच माहीत नव्हते. फार उत्सुकता वाटली.

ट्रकमधून आम्ही उआरासला आलो. तिथून बर्फाची शिखरे दिसतात. बाजाराच्या उताराशी सेन्योरा सोसिमाचे दुकान होते. तिने आम्हाला खालच्या फळीवर ठेवले. वरच्या फळीवर लांबून आलेले लाल, पिवळे, चकचकीत बूट होते. गिऱ्हाइकांचे हात आधी तिकडेच जायचे. मी खालून येणारेजाणारे पाय बघत बसायचो. दोन पाय कधी सारखे नसतात, हे मला तिथेच कळले.

एका सकाळी दोनाता कोचाचिन आली. वय अडतीस, डोक्यावर हॅट, पायात ट्रकच्या टायरच्या चपला. अकरा वर्षे ती खिंडीच्या पायथ्याच्या तळावर गिर्यारोहकांसाठी स्वयंपाक करत होती. आता तो तळ खिंडीपलीकडे हलणार होता. तिकडे फक्त हमालांच्या संघटनेचे कार्ड असलेल्यांनाच काम मिळणार होते. कार्डासाठी वीस किलो पाठीवर घेऊन, पायात बूट घालून खिंड ओलांडायची परीक्षा असते, आणि ती वर्षातून एकदाच होते. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. नापास झाली तर दोनाताचे काम जाणार होते.

"सेन्योरा, ते लाल द्या," ती म्हणाली.

सोसिमाने चष्म्यावरून पाहिले. "दुपारी चारनंतर ये."

"का? सकाळी दुकान काय शोभेला उघडलंय?"

"सकाळी पाय लहान असतो, कासेरिता." तिथल्या बाजारात गिऱ्हाइकाला लाडाने कासेरिता किंवा मामिता म्हणतात. "दिवसभर चाल, तो फुगू दे, मग इकडे आण. डोंगरात तू फुगलेल्या पायानेच चालणार आहेस. जाड लोकरी मोजे आण. आणि बोजाही आण."

"बोजा?"

"मग, परीक्षेला हात हलवत जाणार आहेस का?"

दुपारी दोनाता आली ती पाठीवर वीस किलो बटाटे बांधूनच. सोबत तिची नणंद निसेफोरा होती, हसून हसून लाल झालेली.

"वहिनी, सगळा बाजार विचारतोय, ही बटाटे विकायला आलीय की बटाट्यांना बूट घ्यायला आलीय!"

दोनाताने आधी लाल बूट घातले. हलके, मऊ. तिचा चेहरा खुलला. सोसिमा म्हणाली, "आता बोज्यासकट उतारावरून खाली जाऊन ये." दोनाता गेली आणि तोंड वाकडे करून परत आली.

"बोटं पुढे आपटतायत. पण होईल हळूहळू सैल."

"पुढून बूट सैल होत नाही, मामिता. नखं तेवढी काळी होतात."

मग सोसिमा खाली वाकली आणि तिने मला उचलले.

मित्रांनो, पहिल्यांदा आत पाय येतो तेव्हा काय वाटते, ते कसे सांगू? मी लाकडाची वाट पाहत होतो. हे तर उबदार होते, दमट होते आणि हलत होते! आयुष्यभर उघड्या चपलांत वाढलेला पाय. पाची बोटे पंख्यासारखी पसरलेली. सोसिमाने नाडी न बांधताच पाय पुढे सरकवायला सांगितला आणि टाचेमागे आपले बोट घालून पाहिले. एक बोट बरोबर बसले. "इतकीच जागा हवी," ती म्हणाली. मग पाय मागे घेऊन तिने नाडी आवळली. आता टाच हलता कामा नये. ती हलली नाही. मग तिने डाव्याला हातात घेऊन वाकवले. तो बोटांच्या मुळाशी वाकला, मध्येच दुमडला नाही. सोसिमाने मान हलवली.

"जड आहेत," दोनाता म्हणाली.

"आहेतच. रिकामं भटकायचं असतं तर मीच तुला लाल दिले असते. पण पाठीवर वीस किलो आणि पायाखाली सुटे दगड. घोटा धरून ठेवणारं कुणीतरी नको?"

दोनाता तीनदा उतारावरून खाली जाऊन वर आली.

"रंग मात्र अगदी शेणासारखा आहे हं, वहिनी," निसेफोरा म्हणाली.

"बरंय की. शेण लागलं तर दिसणार नाही."

मला जरा राग आला. पण शेण म्हणजे काय, हेही बघायचे होतेच.

"आजपासूनच घाल," सोसिमाने निघताना बजावले. दोनाताने मान डोलावली.

आणि पहिल्याच ओढ्यापाशी तिने आम्हाला काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले आणि ती अनवाणी पाण्यात उतरली! आमच्या डोंगरात नवी वस्तू अशीच जपतात. नवी हॅटसुद्धा पाऊस आला की काढून पोलक्यात लपवतात, डोके भिजले तरी चालते. घरी तिने आम्हाला तुळईच्या खिळ्याला टांगले. खाली चुलीशी गिनीपिग चिवचिवत फिरायचे. शेजारणी येऊन आम्हाला बघून जायच्या. दोनाता रोज फडक्याने आम्हाला पुसायची आणि पुन्हा टायरच्या चपला घालून शेतावर जायची. माझे कातडे कडकच राहिले. तिच्या पायाला मी परका आणि मला तिचा पाय परका. तिचे माझ्यावर फार प्रेम होते, मित्रांनो, आणि घोळ नेमका तिथेच होता.

दहा दिवस असे गेले. परीक्षेला पाच दिवस उरले असताना ती आम्हाला घालून चर्चमध्ये गेली. तासाभराची वाट. परत येईपर्यंत उजव्या टाचेला मोठा फोड आला होता. तो फोड मीच आणला होता. मला कातड्यात तोंड लपवावेसे वाटले.

"फसवलं मला त्या बाईने!" असे म्हणत ती दुसऱ्या दिवशी लंगडत दुकानात गेली.

सोसिमाने शांतपणे विचारले, "किती दिवस घातलेस?"

"एकदाच."

"आणि बाकीचे दिवस?"

"खिळ्याला होते."

"मग परीक्षेला खिळ्यालाच पाठव!"

दोनाता आधी चिडली. मग तिला हसू आले. मग डोळ्यांत पाणी आले. "सेन्योरा, काम जाईल हो माझं."

सोसिमाने तिला स्टुलावर बसवले, फोड धुतला, त्यावर मेंढीच्या कच्च्या लोकरीचा पुंजका ठेवला आणि माझी टाच आतून तेल लावून अंगठ्याने मळली. "चार दिवस आहेत. आज रिकामी चाल. उद्या पाच किलो घे. परवा दहा. आणि कुठे गरम लागलं की तिथेच थांब. फोड येण्याआधी पाय गरम होतो. तेवढं ऐकायला शीक."

ते चार दिवस माझ्या शिक्षणाचे. मी पाटाच्या पाण्यात उतरलो आणि जीभ का शिवली होती ते मला समजले. बटाट्याच्या वाफ्यातून चाललो. शेणही पाहिले, ते खरेच माझ्याच रंगाचे होते. दोनाता पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देते, तिची करंगळी आत वळलेली आहे, हे मला कळले. मी तिथे तिथे मऊ होत गेलो. पण फोड पुरता सुकला नव्हता.

परीक्षेला चौदाजण होते. चढावर गारा पडल्या. माझा तळ ओल्या दगडावर घट्ट बसत होता. खिंडीपर्यंत दोनाता पाचवी होती. मग उतार लागला. अर्ध्या उतारावर मला टाचेपाशी ऊब जाणवली. दोनातालाही जाणवली असणार, कारण तिचे पाऊल क्षणभर अडखळले.

आता थांबायचे की नाही? परीक्षेच्या उतारावर कोणी बसत नाही. बसला तो संपला, असे हमाल म्हणतात. दहा पावले ती तशीच चालली. मी ओरडू शकत नव्हतो. मला फक्त टाच धरून ठेवता येत होती, तेवढी मी धरली. अकराव्या पावलाला ती एका खडकावर बसली.

एलिओ नावाचा जवान उड्या मारत पुढे गेला. "काय मावशी, इथेच संसार मांडलात?"

"हो. पण तुला जेवायला नाही बोलावणार!"

तिने मला काढले, मोज्याची घडी सरळ केली आणि टाचेवर नवी लोकर ठेवली. मग घोट्यापाशी नाडी करकचून बांधली, म्हणजे पाय पुढे घसरू नये. पुढे आणखी एकदा ती अशीच थांबली. एकेक करून सगळे तिला मागे टाकून गेले. खाली पोहोचली तेव्हा ती चौदावी होती. माझ्यात तिची बोटे आवळली गेली होती. तिला रडू येत होते, ते मला बोटांतून कळत होते.

खाली मेंढ्यांच्या वाड्याशी फाउस्तोकाका बसले होते. ते संघटनेचे सगळ्यात जुने हमाल. वेळ आणि बोजा तर ते बघतातच, पण दरवर्षी न सांगता आणखी काहीतरी तपासतात. एका वर्षी त्यांनी प्रत्येकाला ओल्या लाकडावर चूल पेटवायला लावली होती. आज ते म्हणाले, "बूट काढा. मोजेपण."

चौदाजण ओळीने अनवाणी बसले. काका एकेक पाय हातात घेऊन बघू लागले. एलिओच्या टाचेची साल निघून रक्त आले होते.

"उद्या पहाटे परत वर जायचंय. जाशील?"

एलिओने पाय मागे ओढला. "पण काका, मी पहिला आलो!"

"आलास ना. पण उद्या तुझा बोजा आणि तू, दोघांना उचलून कोण नेणार, ते सांग."

शेवटी ते दोनातापाशी आले. "सगळ्यात शेवटी आलीस."

"हो, काका."

"वाटेत बसली होतीस."

"दोनदा."

त्यांनी लोकर उचलून पाहिली. खाली टाच लाल होती, पण फुटली नव्हती. त्यांनी मला हातात घेऊन वळवून पाहिले, आत हात घातला. "उद्या जाशील?"

"गरम सूप मिळालं तर आजच जाईन."

काका पोट धरून हसले आणि त्यांनी सगळ्यात पहिले कार्ड तिच्या हातात दिले. त्या दिवशी चौदांपैकी आठांना कार्ड मिळाले. एलिओला पुढच्या वर्षी मिळाले. तो आता दर मैलाला बसतो, असे दोनाता चिडवते.

त्यानंतर आम्ही नऊ हंगाम खिंडीपलीकडे काम केले. तळ शिवलेला होता म्हणून दोनदा उसवून नवा लावता आला. दगडांवर घासून नाक पांढरे झाले, आणि नाडी चारदा तुटली तेव्हा दोनाताने चारदा गाठ मारली. एकदा दोनाताच्या नवऱ्याने मायेपोटी आम्हाला रात्रभर चुलीशी वाळत ठेवले आणि माझी कूस तडकली. ते तीन रंगांचे टाके तेव्हापासूनचे. ओल्या बुटात कागद कोंबून त्याला सावलीत ठेवावे, आग दाखवू नये, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेच नव्हते. एका पाहुण्याचे महागडे बूट बर्फात तोंड वासून बसले, तेव्हा त्याने मला बराच वेळ कौतुकाने न्याहाळले. तो दिवस मी विसरलो नाही.

आता माझी टाच आतून विरली आहे आणि दोनाताने यंदा नवे बूट घेतले आहेत. आम्ही दोघे कोठीत, मक्याच्या कणसांशेजारी असतो. आम्हाला कोणी पुसत नाही. थोडे वाईट वाटते, पण रुसायला मला वेळ कुठे आहे? कोठीत नवे काय काय येते, ते बघायचे असते.

मित्रांनो, तुमचे बूट आत्ता कुठे आहेत? जा, एकात हात घालून बघा. अंगठ्याखाली एक खळगा लागेल, टाचेखाली दुसरा. तसे खळगे जगात दुसऱ्या कुणाच्या बुटात नाहीत. तुम्ही चालून चालून ते कोरले आहेत. आत ओल असेल तर कागद कोंबा, माती असेल तर झटका. आणि बोट पुढे टेकत असेल, कुठे गरम लागत असेल, तर लाजू नका. सगळे पुढे जात असले तरी तिथेच बसा आणि नाडी सोडा.