खाली डोह आहे

उल्कानबाईंनी मला सहावीपासून भूगोल शिकवला. शिकवला म्हणजे, त्यांनी त्यांच्याकडून जीव तोडून प्रयत्न केला. आज माझी पन्नाशी उलटली, नऊ सीटची गाडी आहे, तीन देशांतले रस्ते तोंडपाठ आहेत, तरी चारचौघांत बाई सांगणारच, "या जोल्दोशला मी नकाशात काळा समुद्र दाखव म्हटलं, तर यानं वाळवंटावर बोट ठेवलं होतं." मी गुमान ऐकून घेतो. बाईंपुढे आवाज चढवायची आमच्या गावात कुणाची छाती नाही.

त्यांचे यजमान असानाली म्हणजे आमच्या गावचे पाटकरी. चाळीस वर्षं त्यांनी पाटाचं पाणी शेताशेतांत वाटून दिलं. भांडणं व्हायची, फावडी उगारली जायची, आणि हा माणूस काठावर डोळे मिटून उभा राहून सांगायचा की वरच्या अंगाला कुणी तरी चोरून पाटाचं दारं फोडून पाणी वळवलंय. आणि ते खरं निघायचं. तीन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले. तेव्हापासून कान इतके तिखट झाले की घरात बसल्या बसल्या सांगायचे, आज पाटाला चार बोटं पाणी कमी आहे.

सहल काढली ती त्यांनीच. बाईंनी अडतीस वर्षं फळ्यावर काठी टेकवून जगभरचे धबधबे शिकवले, पण प्रत्यक्ष पाहिला होता तो फक्त आमच्या गावावरचा एक. बाई निवृत्त झाल्या तेव्हा म्हातारा हट्टाला पेटला. म्हणाला, तुझ्या तोंडून आयुष्यभर ऐकले, आता एकदा पाण्याच्या तोंडून ऐकू दे. त्याला काही डोंगर चढवत नव्हता. म्हणून दोघांचं ठरलं, बाईंनी जायचं, प्रत्येक धबधब्याखाली उभं राहून फोन लावायचा, फोन पाण्याकडे धरायचा, आणि म्हाताऱ्यानं नुसत्या आवाजावरून सांगायचं, उंची किती आणि खाली काय आहे. नऊ दिवस, चार देश, एक गाडी, आणि ड्रायव्हर म्हणून हा काळा समुद्र हरवलेला विद्यार्थी.

पहिला आमच्याच मुलखातला, मोठ्या तळ्याच्या दक्षिण काठचा. बाईंनी फोन धरला. म्हातारा म्हणाला, पंचवीस मीटर, मध्ये एक टप्पा आहे, खाली खडक. बाईंनी पाटी वाचली. चोवीस. लगेच सुनावलं, एक मीटर चुकलास. तर म्हणतो कसा, पाटी लिहिणाऱ्यानं मोजलंय कुठे, मी तर ऐकलंय. बाई दिवसभर हसत होत्या.

दुसरा कझाकांच्या मुलखात, देवदारांच्या दरीत. तिथं म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "तीस. खाली सुटे दगड आहेत. आणि उल्कान, तू फार जवळ उभी आहेस. मागे सर, पाय भिजतील." बाईंनी खाली पाहिलं. बूट चिंब झाले होते. त्या मागे सरल्या आणि फोन तसाच छातीशी धरून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "बघ, डोळे नाहीत तरी पाळत आहेच." इतक्या खूश मी बाईंना कधी पाहिलं नव्हतं. वर्गात तर नाहीच नाही.

मग एक अख्खा दिवस गाडी हाणून आम्ही ताश्कंद गाठलं. तिसरा धबधबा तिथल्या डोंगरात होता. चौथा ताजिकांकडे.

मंगळवारी सकाळी मी अतिथिगृहाच्या अंगणात चहा पीत होतो. एर्मेकचा फोन आला. एर्मेक म्हणजे बाईंचा मुलगा. म्हणाला, "काका, आई जवळ आहे का?" नाही म्हटलं. तेव्हा त्यानं सांगितलं. बाबा पहाटे हातपाय धुवायला उठले, तांब्या हातात होता, तिथंच खाली बसले आणि गेले.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तेवढ्यात तिकडे बेइशेआजोबांनी फोन हातात घेतला. गावातले सगळ्यात वडीलधारे. त्यांनी बजावलं, वाटेत एक शब्द काढायचा नाही. आमच्यात मरणाची बातमी अशी कुणीही, कुठेही सांगत नाहीत. चार वडीलधारे जमतात, माणसाला मध्ये बसवतात, दोन्ही बाजूंनी कुणी तरी धरायला असतं, मग सांगतात. परमुलखात, एकट्या बाईला, गाडीच्या ड्रायव्हरनं सांगायचं, छे. आणि आजोबांनी दुसरी गोष्ट सांगितली. गुरुवारी दुपारी बाराला पुरुषमंडळी असानालीला घेऊन निघणार. त्याहून जास्त ठेवता येणार नाही, ऊन फार आहे. आमच्यात बायका कब्रस्तानात येत नाहीत. म्हणजे बाई त्याआधी पोचल्या तर तोंड दिसेल, नाही तर नाही.

"आण तिला," आजोबा म्हणाले, "आणि तोंडाला कुलूप घाल."

मी ठरवलं, आत्ता निघायचं. बाई बाहेर आल्या त्या बूट घालूनच, गळ्यात पाण्याची बाटली. मी थाप मारली, की सीमा बंद होणार असं ऐकलंय, आपण परत फिरू. बाई म्हणाल्या, बंद होऊ दे, उघडेलच, आधी धबधबा. मी म्हटलं, गाडीतून आवाज येतोय. म्हणाल्या, तुझ्या गाडीतून नेहमीच येतो. मी हात टेकले. खरं कारण सांगता येत नाही आणि खोटं त्या चालू देत नाहीत. शेवटी चावी फिरवली आणि डोंगराकडे निघालो, घराच्या अगदी उलट दिशेला. त्या दोन तासांत मी मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात स्वतःला घातल्या.

दुपारी पोचलो. फार मोठा नव्हता तो धबधबा. वरून एकच सरळ धार, आणि खाली हिरवा खोल डोह. रेंज जेमतेम होती. मी मनात म्हणत होतो, लागू नको, लागू नको. लागला.

एर्मेकनं उचलला. बाईंनी विचारलं, मागे एवढी गर्दी कसली? तो म्हणाला, शेजारी आलेत, मेंढ्या कातरायला. बाबा कुठेत? झोपलेत. बाई म्हणाल्या, "मग फोन त्याच्या कानाशी धर. तो झोपेतही ऐकतो."

तिकडून पावलांचा आवाज आला. बाईंनी फोन पाण्याकडे धरला आणि हात लांब करून उभ्या राहिल्या. एर्मेकनं मला पुढे सांगितलं, तो खरंच आत गेला होता. अंगणात उभारलेल्या तंबूत, जिथं बाबांना चादर घालून ठेवलं होतं, तिथं. आईनं सांगितलंय म्हणून त्यानं चादर बाजूला करून फोन कानाशी धरला. खोटं का होईना, तेवढं तरी खरं करावं असं त्याला वाटलं. मी त्याला कसा दोष देऊ? मी तरी काय करत होतो? मी बाईंचा फोटो काढत होतो. त्यांनीच सांगितलं होतं, आणि हसून उभ्या होत्या.

दोन मिनिटांनी बाईंनी फोन कानाला लावला. "काय म्हणतो म्हातारा?"

पोरगं बिचारं गडबडलं. बाबा जागे झाले, म्हणाला. म्हणताहेत वीस मीटर. खाली खडक.

बाईंनी डोहाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गाडीत बसल्यावर अर्धा तास त्या फोन हातात फिरवत होत्या. मी म्हटलं, कळलं यांना. आणि त्या एकदम म्हणाल्या, "जोल्दोश, त्याचे कान गेले रे."

मी गिअर बदलला.

"डोह आणि खडक त्याला कळेना. या माणसाला. आवाज किती वेगळा असतो, तुझ्यासारख्यालाही कळेल. डोळे गेले तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, जाऊ दे, कान तरी आहेत. आता कानही गेले तर तो करणार काय दिवसभर?" आणि बाई रडायला लागल्या. फळ्याला काठी मारून चाळीस पोरं चिडीचूप करणारी बाई, चेहरा खिडकीकडे करून रडत होती. नवऱ्याच्या कानांसाठी. मला वाटलं गाडी थांबवावी, सगळं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण मग ती बाई त्या उघड्या माळावर काय करणार होती, माझ्यासारख्या माणसाच्या सोबतीनं? मी ॲक्सिलरेटर दाबला.

एक मात्र झालं, ताजिकांकडे जायचा बेत बाईंनी स्वतःच सोडला. म्हणाल्या, घरी चल. संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला नाही. म्हणाल्या, चूक दाखवायला फोन केला असं त्याला वाटेल, मनाला लावून घेईल. मी मनातल्या मनात म्हाताऱ्याचे आभार मानले आणि लगेच माझीच मला शरम वाटली.

सीमेवर ट्रकांची रांग. अर्धा दिवस तिथंच गेला. बुधवारी दुपारी आमच्या राजधानीत, बिश्केकमध्ये शिरलो आणि बाई म्हणाल्या, औषधाच्या मोठ्या दुकानापाशी थांब. कशाला? तर त्याच्यासाठी ऐकण्याचं यंत्र घ्यायचंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडलोच, की बाई, ते नंतर घेता येईल, आधी घर गाठू. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्गात बोलायचास तसं बोलू नकोस. थांबव."

दुकानातल्या मुलीनं विचारलं, कुणासाठी? बाईंनी सगळं सांगितलं. वय त्र्याहत्तर, पाटकरी, डावा कान उजव्यापेक्षा बरा, मोठ्या आवाजाचं भय नाही पण पाण्याचे बारीक आवाज कळले पाहिजेत. मुलीनं चार यंत्रं काढली. बाईंनी चारही आपल्या कानात घालून पाहिली आणि दुकानातला नळ सोडायला लावला. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर येऊन गाडीच्या मागे गेलो आणि लहान पोरासारखा रडलो.

पुढच्या वाटेवर ते यंत्र बाईंच्याच कानात होतं. नीट चालतंय का बघायला. म्हणाल्या, तुझं मागचं चाक कुरकुरतंय. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझा श्वासही जड येतोय. सर्दी झालीये का?"

"हो बाई," मी म्हटलं.

वाटेत घाटात दरड कोसळली होती, तिनं अख्खी रात्र खाल्ली. गुरुवारी सकाळी साडेदहाला गावाच्या वेशीशी पोचलो. सांगितल्याप्रमाणे गाडी बेइशेआजोबांच्या दाराशी लावली. बाईंनी विचारलं, इथं कशाला? आणि तेवढ्यात दारातून तीन म्हातारे आणि बाईंच्या दोन जावा बाहेर आल्या. कुणीच हसलं नाही, कुणी विचारपूस केली नाही. बाई यंत्राचा डबा हातात धरून उतरल्या. जावांनी त्यांना दोन्हीकडून धरून आत नेऊन बसवलं.

आजोबा खाली बघत म्हणाले, "उल्कान, प्रत्येकाला पाण्याची पाळी ठरवून दिलेली असते. असानालीची पाळी मंगळवारी पहाटे संपली."

बाई रडल्या नाहीत. डबा मांडीवर ठेवून बसून राहिल्या. परीक्षेचा पेपर तपासताना बसायच्या, तशा. मग माझ्याकडे वळल्या.

"मंगळवारी पहाटे आपण कुठे होतो?"

"ताश्कंदला, बाई."

"धबधबा दुपारी."

"हो."

"मग वीस मीटर कोण म्हणालं?"

दारात एर्मेक येऊन उभा होता, डोळे सुजलेले. तोच म्हणाला, "मी, आई."

मला वाटलं आता त्या त्याच्या मुस्काटात मारणार. मलाही मारतील. त्यांनी मारावं असंच वाटत होतं. त्यांनी खूप वेळ पोराकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे कान चांगले होते त्याचे."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

यंत्राचा डबा त्यांनी तिथंच जमिनीवर ठेवला आणि उठल्या. घर दोनशे पावलांवर. चालत गेलो. अंगणात तंबू, बाहेर पुरुष रीतीप्रमाणे काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत उभे, आतून बायकांचे शोकाचे सूर. बाई आत गेल्या. मीही काठी घेतली आणि रांगेत उभा राहिलो.

आमच्यात बायकोनं नवऱ्याच्या उशाशी बसून, तंबूच्या भिंतीकडे तोंड करून त्याचे गुण गायचे असतात. बाईंना गाताना गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. आतल्या बायका थांबल्या, वाट बघू लागल्या. आम्हीही बाहेर गप्प झालो.

बाईंना गाता आलंच नाही. त्या वर्गात बोलायच्या तशाच बोलल्या.

"अठरा मीटर, असानाली. वीस नाही. पाटीवर अठराच लिहिलंय. धार एकच आहे, मध्ये टप्पा नाही. आणि खाली खडक नाही रे. खाली डोह आहे. हिरवा. मी लांब उभी होते, पाय भिजले नाहीत माझे."

मग त्या पुन्हा पहिल्या धबधब्यापासून सांगायला लागल्या. बारा वाजायला अजून तासभर होता. कुणी त्यांना थांबवलं नाही.