एकशे चौदा नंबर

तिने प्लेअरची वायर लॅपटॉपमधून उपसली आणि पुन्हा खोचली. पडद्यावर तेच आलं: जागा शिल्लक नाही.

“भरलाय हा, बाबा.”

बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या मास्तरांचं जग आता काडेपेटीएवढ्या त्या प्लेअरमध्ये मावत होतं. लाडक्या शिष्याने कालच्या मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांना घास गोड लागणार नव्हता. मोठ्या मेमरीचा नवा घेऊ, असं तिने दोनदा सुचवून पाहिलं होतं. त्यांनी उडवून लावलं. याची बटणं त्यांच्या अंगठ्याला पाठ होती. नव्याची सवय होईस्तोवर आपण वर जाऊ, म्हणाले.

म्हणजे काहीतरी पुसणं आलं. जेवणाच्या सुट्टीत ती लाँड्रीतून धावत आली होती. इस्त्रीची धग अजून तळव्यात होती. ती एकेक फाईल लावायची, बाबा दोन ओळी ऐकून निकाल द्यायचे. ठेव. हेही ठेव. एकाही शिष्याला हात लावू देईनात.

एकशे चौदा नंबरला नाव नव्हतं. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून दिलेली तासाभराची फाईल. आधी खरखर, मग एका मुलीचा आवाज.

तिची बोटं जागच्या जागी थांबली. हे गायली तेव्हा तिला सोळावं लागलं होतं. त्याच साली आई गेली, आणि धाकट्यांचं कोण बघणार म्हणून बाबांनी तिचं गाणं बंद केलं. थोडे दिवस, असं म्हणाले होते.

या खेपेला बाबा दोन ओळींवर थांबले नाहीत. मान हलायला लागली. पहिलं गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“गळा आहे,” ते म्हणाले. “कोण गं ही?”

“नाव नाही लिहिलेलं.”

“माझ्याकडेच शिकलेली. वळण माझं आहे. खूप पुढे गेली असती. दिलं असणार मध्येच सोडून. कदरच नसते एकेकाला.”

“सोडायला लावलं असेल कुणी.”

“असेल. पण आता त्याचा काय उपयोग? काढ ते.”

“नक्की काढू?”

“अगं, जागा हवीय ना?”

तिने आवाज बंद केला. खात्री आहे का, असं लॅपटॉपनेही एकदा विचारलं. तिने हो म्हटलं. शिष्याचं रेकॉर्डिंग चढायला लागलं. ते पुरं चढेपर्यंत ती पडद्याकडे बघत बसली. मग प्लेअर बाबांच्या हातात दिला, इअरफोन दोन्ही कानांत नीट बसवून दिले.

“मावलं?” त्यांनी मोठ्याने विचारलं.

तिने त्यांच्या हातावर थोपटलं. त्यांची बोटं पांघरुणावर ठेका धरू लागली.

सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती. तिने चपला घातल्या आणि ती कामावर गेली.