दाढेच्या भरवशावरची भिंत

घर बांधायला काढलं की सल्ले देणारे आपोआप जमतात. भिंत कुठं, दार कुठं, हे सांगायला ज्याचं स्वतःचं छप्पर गळतं तोही येतो. नागम्मानं मात्र सल्ला घेतला तो एका दाढेचा.

दाढ साधीसुधी नव्हती. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला नवं गाव बसत होतं, तेव्हा तेरणेची वाळू उपसताना ती निघाली. पायलीएवढी मोठी, दगडासारखी जड. धरणीच्या पोटात निजलेल्या राक्षसाची ही दाढ, तो दात खातो म्हणून जमीन हलते, असं गावानं एका बैठकीत ठरवून टाकलं. पुढं हदगावच्या कुणा पाखंड्यानं तिला लाथ मारली म्हणे. परतीच्या एसटीत त्याचे दात एकेक करून गळाले आणि कंडक्टरनं त्या दातांचंही तिकीट फाडलं. खरंखोटं त्या कंडक्टरला ठाऊक.

नागम्मा मात्र हसत नसे. भूकंपाच्या पहाटे तिचा नवरा मलप्पा आणि दोन लेकरं दगडाखाली गेली, उरली एक लेक. तेव्हापासून दाढेला शेंदूर फासून ती रोज पहिली भाकर तिच्यापुढं ठेवी. ज्यानं आपलं घर खाल्लं त्याला आपणच भरवलं, तर त्याला पुन्हा भूक लागणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

त्याच भरवशावर तिनं नात दीपमालासाठी अभ्यासाची खोली काढली. पोरगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होती, सुट्टीला आजीकडं यायची. खोलीसाठी नागम्मानं जुन्या गावातल्या पडक्या घराचे दगड आणवले. मातीत रचलेली, दोन हात रुंद भिंत, पहिल्यासारखीच.

हे दीपमालाकडून कळलं आणि शरणप्पा रविवारी सकाळच्या जीपनं येऊन थडकला. तो नागम्माच्या बहिणीचा मुलगा. लातूरच्या एका क्लासमध्ये शेकडो मुलांना माईकवरून उत्क्रांती शिकवायचा. त्याच्या तोंडून पृथ्वीचं वय ऐकलं की वाटे, बारशाला हाच हजर होता.

छातीपर्यंत आलेल्या भिंतीपाशी तो थांबला. त्यानं दगड ओळखले. एकावर त्याच्या मावसभावानं कोरलेली बैलजोडी अजून होती.

गवंडी दस्तगीरला त्यानं विचारलं, सरकारनं शिकवलेले, भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारे जोडदगड कुठं, सिमेंटचा आडवा पट्टा कुठं. दस्तगीर थापी पुसत म्हणाला, "मला सगळं येतं, सर. पण नागम्मा खाला म्हणल्या, दाढ हाय तवर भिंतीला काय होत न्हाई. आता दाढेपुढं गवंड्याचं काय चालतं?"

मग शरणप्पा मावशीकडं वळला. ही हत्तीच्या कुळातल्या जनावराची दाढ आहे, हजारो वर्षं मातीत पडून तिचा दगड झाला, अशी जनावरं तेरणेवर पाणी प्यायची, प्राणी बदलत गेले, काही संपले, हे त्यानं वर्गातल्यासारखं सांगितलं.

"तू बघितलास का त्यो हत्ती?"

"हाडं बघितली, मावशी. हाडं खोटं बोलत नाहीत."

"हाडं म्या बी बघितल्यात, शरण्या," ती म्हणाली. "दोन दिस उकरत होते."

तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. लांबच्या जात्यावर कुणी काही भरडावं तसा, घरघर. ताटं किणकिणली. रचलेल्या भिंतीतून मूठभर माती सरसरत खाली आली आणि सगळं पुन्हा शांत झालं.

सगळे अंगणात आले. शरणप्पा कुठं दिसेना. शेवटी नागम्माला तो शेळ्यांच्या पत्र्याखाली सापडला, गुडघ्यात डोकं घालून, दोन करडांच्या मधे. त्या भूकंपाच्या पहाटे तो मावशीच्या खळ्यावर पत्र्याखालीच निजला होता, म्हणून वाचला होता. लातूरच्या पक्क्या घरातही तो गच्चीवर पत्रा टाकून झोपायचा आणि बायकोला सांगायचा, वारा छान लागतो.

नागम्मा शेजारी बसली. "तू दाढेला भीत न्हाईस. मग हितं कशापायी?"

"आवाज आला की मला ते पडलेलं घरच दिसतं, मावशी."

"मला बी. तुला पत्रा हाय, मला दाढ हाय. येवढाच फरक."

आपण आजवर हिला अडाणी समजत होतो! शरणप्पाला स्वतःची शरम वाटली. तो उठला, घरातल्या देवळीतून दाढ उचलून आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तेलाच्या बोळ्यानं वरचा शेंदूर हळूच पुसला आणि तिचं बोट धरून दाढेवरून फिरवलं. आडव्या, एकीशेजारी एक उंच रेघा होत्या.

"टाकी लावलेल्या जात्यावानी हाय," ती पुटपुटली.

"जातंच आहे ते. अशी दाढ गवत, पाला भरडायला असते. मांस फाडायला नाही."

नागम्माचं बोट थांबलं. मग म्हणाली, "ह्यो गवत खाणारा. मग माझी माणसं कुणी खाल्ली?"

शरणप्पानं भिंतीकडं बोट दाखवलं. "जमीन हलली, मावशी. पण खाल्लं भिंतीनं."

तिनं समोरच्या भिंतीकडं बघितलं. मलप्पानं हौसेनं रचलेले तेच दगड पुन्हा तसेच उभे होते, नातीच्या उशाशी!

"दस्तगीर," तिनं हाक मारली, "पाड ती. बैलजोडीचा दगड तेवढा मला दे."

खोली नव्यानं उभी राहिली. भिंत कमी रुंदीची, जोडदगड, सिमेंट, वर चौफेर पट्टा. बैलजोडी तुळशीच्या पायथ्याला बसली. नागम्मानं शरणप्पाला बोलावून घेतलं आणि भर दुपारी आत सतरंजी टाकली. "पोरीच्या आधी तू निज." तो आढ्याकडं बघत, घाम पुसत आडवा झाला. दीपमाला उंबऱ्यात बसून त्याचाच धडा मोठ्यानं वाचत होती. बैलांच्या पूर्वजांपर्यंत ती पोचली तेव्हा सर घोरत होते.

दाढ नागम्मानं टाकून दिली नाही, पुन्हा देवळीतच ठेवली. आता तिच्यापुढं भाकर नसते, हिरव्या कडवळाच्या चाऱ्याची मूठ असते. कुणी हसलं तर ती म्हणते, "गवत खाणाराय त्यो. इतकी वर्सं उगं उपाशी ठिवला."

मंडळी, जमीन उद्याही घरघरेल, ती कुणाला विचारून हलत नाही. हात जोडायचे त्यांनी जरूर जोडावेत, मेलेल्यांची आठवण कुणी कुणाची हिसकावू नये. पण जमिनीतून निघालेल्या पुराव्याला तोंड उघडू द्या, आणि नैवेद्य दाखवण्याआधी भिंतीत जोडदगड घाला.