काळे पडणारे पैसे

माझ्या मायकडे मधे भोक असलेले पाच पैसे होते, जुन्या काळचे, तांब्याचे. ते जपायची तिची रीत ठरलेली होती. चिंचेच्या कोळाने घासायचे, धुवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि सुती चिंधीत गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवायचे. घामट हात लागला तर माय घर डोक्यावर घ्यायची. घरात लेकरू जन्मलं की तेच पैसे काळ्या दोऱ्यात ओवून पाळण्याला बांधायचे. चामोर्शीकडच्या आमच्या घरात मी आणि माझे भाऊ त्याच पैशांखाली झोपलो. फार तर ते तपकिरी पडायचे, पावसाळ्यात भोकाच्या कडेला हिरवा कळंक धरायचा. घासले की पुन्हा लख्ख.

माय गेली आणि डबी माझ्याकडे आली. मायच नाही म्हटल्यावर बाळंतपणाला माहेरी कोणाकडे जाणार? सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात मी सासरीच बाळंत झाले, भद्रावतीजवळ, कोळशाच्या खाणीला लागून असलेल्या गावात. मुलगी झाली. सासूने, गिरजाबाईने, पैसे स्वतःच्या हाताने पाळण्याला बांधले. सासू वाईट नव्हती, हे आधीच सांगते. मला दूध यावं म्हणून तळ्यातल्या मासळीचा रस्सा वाटी वाटी पाजायची. पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

बाळंतिणीच्या खोलीला एक दार आणि हातभर खिडकी. माझ्या बाजेखाली दिवसरात्र शेगडी. शेक तर माहेरीही देतात, पण तिकडे लाकडाचे निखारे असतात. इथे दगडी कोळसा. ट्रकमधून सांडलेला रस्त्यावर फुकट मिळायचा, माझा नवरा घनश्याम तळ्यावरून मासे धरून येताना पोतं भरून आणायचा. सासू शेगडी अंगणात पेटवायची आणि धूर सरून कोळसा लाल झाला की आत आणायची.

"धूर हाये का आता? नाई ना? मंग!" असं म्हणून ती शेगडी बाजेखाली सरकवायची.

आठवडा व्हायच्या आत पैशांचा रंग फिरला. आधी कडेला जांभळी-निळी झाक आली, मग काळेभोर झाले. सासूने घासून बांधले, पुन्हा काळे. असला काळा रंग मी त्या पैशांवर कधी पाहिला नव्हता. माझं डोकं रोज ठणकायचं, पायात जीव नसायचा. पोरगी दूध ओढता ओढता झोपून जायची, टाळी वाजवली तरी दचकायची नाही. मला भीती वाटायला लागली.

"आई, पैसे असे काळे काऊन पडून राह्यले? मायकडं कधी नाई पडले."

"नजर हाये," सासू म्हणाली. "पोरीवरची नजर पैसे आपल्या अंगावर घेऊन राह्यले. चांगलंच हाये ना."

तरी तिलाही चैन नव्हतं. तिने पाचही पैसे पुन्हा घासले. दोन पाळण्याला बांधले, तीन चिंधीत गुंडाळून डबीत घातले, झाकण गच्च लावलं आणि डबी त्याच खोलीतल्या फळीवर ठेवली. दोन-तीन दिवसांनी डबी उघडली तर आतले तिन्ही पैसे जसेच्या तसे, पिवळे-लाल. पाळण्यावरचे दोन काळे ठिक्कर.

"पाह्य रोशने," सासूचा चेहरा उजळला. "झाकण गच्च होतं, त आत काईच गेलं नाई. जे येते ते बाहेरून येते."

मग ती खोलीकडे बघत राहिली. दाराकडे, खिडकीकडे, वर छपराच्या कवेलूंमधल्या फटींकडे. संध्याकाळपर्यंत तिने खिडकीत पोतं कोंबलं, फटी शेणामातीने लिंपल्या, दाराखाली जुनं जाळं गुंडाळून ठासलं. पोरीला डबीत ठेवल्यासारखं ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"मले गुदमरल्यावानी होते," मी घनश्यामला म्हटलं.

"थंडी किती हाये बाहेर! माय सांगते त राहू दे ना."

मला रडावंसं वाटलं, पण रडायलाही त्राण नव्हतं. बाळंतिणीला वारा लागतो, एवढंच त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी घासून बांधलेले पैसे पुन्हा काळे. अजून कुठेतरी फट राहिली म्हणून सासू परत माती कालवायला गेली.

बाराव्या दिवशी सकाळी सुईणीने मला न्हाऊ घालायला अंगणातल्या न्हाणीत आणलं. पोरीजवळ सासू बसली आणि तिने आतून दार लावून घेतलं. बाहेर येताच मला भडभडून उलटी झाली. मग अंगावर गरम पाणी पडलं, ऊन लागलं, आणि माझं डोकं मोकळं झालं. किती दिवसांत पहिल्यांदा ठणका थांबला होता. मला आधी बरंच वाटलं. मग मनात आलं. वाईट बाहेर असतं तर बाहेर येऊन मला बरं कसं वाटलं? डबीतले पैसे वाचले ते बाहेरच्या नजरेपासून नाही. खोलीत कोंडलेल्या शेगडीच्या हवेपासून वाचले.

मी ओल्या लुगड्यानिशी धावले. दार ठोकलं, हाका मारल्या. आतून ओ नाही. अंगणात जाळं शिवत बसलेला घनश्याम धावला, त्याने खांद्याने दार उखडलं.

सासू भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, पोरगी मांडीवर. बाजेखाली शेगडी लालबुंद. घनश्यामने मायला ओढत अंगणात आणलं, तरी तिने पोरीला सोडलं नव्हतं. वाऱ्यावर तिला थोडी शुद्ध आली आणि ती माझ्याकडे बघून हसली.

"हळू घे. आत्ताच झोपली. कशी गुलाबी दिसून राह्यली, पाह्य."

पोरगी खरंच गुलाबी दिसत होती. जन्मल्यापासून इतकी टवटवीत ती कधी दिसली नव्हती. मी तिला छातीशी धरलं, तोंडात दूध दिलं. तिने ओढलं नाही. दूध तिच्या ओठांवरून गालावर आलं आणि खाली माझ्या हातावर ओघळलं. तिचा श्वास चालत नव्हता. कोळशाच्या विषारी वायूने अंग असं गुलाबी होतं, हे मला फार पुढे कळलं. मी तिला हलवत होते, नाव ठेवलं नव्हतं म्हणून नुसतं "बाई, बाई" म्हणत होते.

"बाहेर नको उभी राहू, रोशने," मागून सासू म्हणाली. "आत ने तिले. वारा लागल."